दोन कोटी डॉलरची पावती

गलबत
शनिवार, रात्री ११:४०

‘अर्थसाक्षर’ यांच्या धाग्यावरच उत्तर लिहायला बसलो होतो. लिहिता लिहिता ते मूळ लेखापेक्षा लांबलं, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी सार: इंग्रज, फ्रेंच, डच यांनी मुलूख लुटले, अमेरिकेने मात्र १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध झाल्यावर पॅरिसला रीतसर तह केला, स्पेनच्या ताब्यातल्या फिलिपिन्सचे दोन कोटी डॉलर मोजले आणि पुढे स्वातंत्र्यसुद्धा देऊन टाकलं. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: “खरेदीखत असलेल्या मुलखाला साम्राज्य म्हणायचं तर माझा वनबीएचकेही साम्राज्यच.” त्याखाली टाळ्यांचा पाऊस.

बरं, वनबीएचकेच घेऊ. विकणारा आतल्या खोलीला कडी लावून बसलाय. बाकीचं घर, गॅलरी, जिना, सगळं मूळ घरवाल्यांनी परत ताब्यात घेतलंय. तुम्ही जिन्यात उभं राहून त्या कडीमागच्या माणसाशी व्यवहार ठरवता आणि घरवाल्यांना सांगता, कागदात तुम्हीपण आलात हो, आता गप्प राहा.

१८९८ च्या ऑगस्टमधलं मनिला असंच होतं. फिलिपिनो बंडखोरांचा नेता आगिनाल्दोने १२ जूनला कवित गावात स्वातंत्र्य जाहीर केलेलं. फिलिपिनो फौजेचा शहराला वेढा, स्पॅनिश तटबंदीच्या आत कोंडलेले. अमेरिकन नौदलाच्या ड्युईने १ मे रोजी उपसागरात स्पॅनिश आरमार बुडवलं हे खरं, पण जमिनीवर स्पेनला कोंडलं ते तिथल्या लोकांनी. मग अमेरिकन आणि स्पॅनिश अधिकाऱ्यांनी आपसात ठरवून १३ ऑगस्टला लुटुपुटूची लढाई केली. थोडा गोळीबार (त्यातही काही माणसं खरीखुरी मेली), मग पांढरं निशाण. अट काय, तर फिलिपिनो शहरात शिरता कामा नयेत. स्पेनची इज्जत राहिली, शहर अमेरिकेला मिळालं, वेढा घालणारे वेशीबाहेर.

आणि ऐका. युद्ध थांबवायच्या करारावर वॉशिंग्टनला आदल्याच दिवशी, १२ तारखेला, सह्या झाल्या होत्या. मनिलाला कळलं नाही, कारण समुद्राखालची तार ड्युईनेच तोडलेली. पॅरिसला स्पेनने हेच लावून धरलं की युद्ध थांबल्यावर घेतलेलं शहर तुम्ही जिंकलेलं कसं धरता? त्या अडचणीवर उतारा म्हणून दोन कोटी निघाले. याला किंमत म्हणत नाहीत. आमच्या देवगडात याला वेगळा शब्द आहे, तो इथे लिहिला तर संपादक धागा उडवतील.

टेबलापाशी पाच अमेरिकन, पाच स्पॅनिश. फिलिपिनो सरकारने फेलिपे आगोन्सिल्योला आधी वॉशिंग्टनला, मग पॅरिसला धाडलं. कुणी दारात उभं केलं नाही. स्पेनने त्याच तहाने सोडलेल्या क्यूबा, प्वेर्तो रिको, ग्वाम यांच्या बाजूनेही कुणी नव्हतं. १० डिसेंबरला सह्या झाल्या. नववं कलम वाचा एकदा: तिथल्या मूळ रहिवाशांचे नागरी हक्क आणि राजकीय दर्जा अमेरिकन काँग्रेस ठरवेल. झालं, विषय संपला.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. सव्वीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली, त्यातली निम्म्याहून जास्त फिलिपिनो क्रूबरोबर. २०१८ च्या डिसेंबरात आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), फिलिपिन्सच्या सामार बेटाचा, मेसरूमच्या कोपऱ्यात मोबाइल धरून रडत होता. वाटलं घरी कुणी गेलं. तर बालांगिगाच्या चर्चच्या तीन घंटा गावात परत आल्या होत्या. १९०१ च्या सप्टेंबरात त्या गावकऱ्यांनी तिथल्या अमेरिकन तुकडीवर हल्ला केला, ४८ सैनिक मेले. मग अमेरिकन जनरल स्मिथचा हुकूम: सामारचं रान करून टाका, हत्यार धरू शकेल असा दहा वर्षांवरचा कुणी सोडू नका. घंटा लूट म्हणून गेल्या. दोन वायोमिंगला, एक अमेरिकन पलटणीबरोबर फिरत फिरत कोरियाला. ११७ वर्षांनी परत. त्याचा डेटा संपला तेव्हा मी माझा फोन दिला, त्यावर त्याने तोच व्हिडिओ आणखी तीनदा पाहिला.

त्याला जाऊन सांगा तुमचं खरेदीखत.


अर्थसाक्षर
रविवार, सकाळी ८:०५

भावनिक लेखन आवडलं. आता मुद्दे.

१) सार्वभौमत्वाचा कागद तेव्हा स्पेनकडेच होता. आगिनाल्दोच्या घोषणेला एकाही सत्तेने मान्यता दिली नव्हती. मी बँकेत कर्जविभागात होतो. घरात कोण राहतं यावर टायटल ठरत नाही.

२) अमेरिकेने नसतं घेतलं तर काय, ‘स्वतंत्र फिलिपिन्स’? जर्मन अ‍ॅडमिरल डीडरिक्स आपली जहाजं घेऊन मनिलाच्या उपसागरात घिरट्या घालत होता. अमेरिकेने सोडलेलं जर्मनीने उचललंच की. १८९९ मध्ये कॅरोलाइन्स, पलाऊ आणि उत्तरेकडची मारियाना बेटं स्पेनने जर्मनीला अडीच कोटी पेसेतांना विकली. आणि जपानने १८९५ मध्येच शिमोनोसेकीच्या तहाने तैवान घेतलं होतं. शेजारी असे.

३) क्यूबा घेतला नाही, तसा ठराव युद्धाआधीच केला होता, आणि १९०२ मध्ये सोडला. फिलिपिन्सला १९१६ च्या कायद्यात स्वातंत्र्याचं वचन, १९३४ मध्ये दहा वर्षांची मुदत, ४ जुलै १९४६ ला स्वातंत्र्य. आपल्या गोऱ्या साहेबाने १९१६ मध्ये लेखी काय दिलं होतं ते सांगा.

४) शाळा, आरोग्यखातं, इंग्रजी. गलबत साहेबांच्या जहाजावर निम्मे खलाशी फिलिपिनो का असतात, याचा त्यांनीच विचार करावा.

आगोन्सिल्योला आत घ्यायला हवं होतं, हे मान्य. त्याने निकाल बदलला नसता, हेही मान्य करा.


शेंगदाणा_चटणी
रविवार, सकाळी ८:५०

ग्वाम राहिलं की मंडळी. जून १८९८. अमेरिकन युद्धनौका चार्ल्स्टन बंदरात शिरते, जुन्या किल्ल्यावर तोफा डागते. स्पॅनिश अधिकारी होडीतून भेटायला येतात आणि म्हणतात, माफ करा, सलामीला उत्तर द्यायला आमच्याकडे तोफांची दारू नाही. त्यांना युद्ध सुरू झाल्याचंच माहीत नव्हतं! दुसऱ्या दिवशी बेट गेलं. एक माणूस दगावला नाही.

असं टायटल क्लिअर पाहिजे. अर्थसाक्षर, कर्ज मंजूर करा.


गलबत
रविवार, सकाळी १०:२०

@अर्थसाक्षर, तुमचा तिसरा मुद्दा अर्धाच आहे. क्यूबा ‘सोडला’ तो प्लॅट दुरुस्ती गळ्यात अडकवून. म्हणजे वाटेल तेव्हा सैन्य घुसवायचा हक्क क्यूबाच्याच राज्यघटनेत लिहून घेतला. ती १९३४ पर्यंत होती. ग्वांतानामोचा तळ १९०३ पासून आजही आहे. असा भाडेकरू तुमच्या वनबीएचकेला मिळो.

आणि १९३४ चा कायदा प्रेमापोटी नव्हता. अमेरिकेतल्या साखर कारखानदारांना फिलिपिन्सची बिनकराची साखर नको होती, कॅलिफोर्नियातल्या गोऱ्या मजुरांना फिलिपिनो मजूर नको होते. कायद्यानेच फिलिपिनोंचा स्थलांतराचा कोटा वर्षाला पन्नास माणसं केला. पन्नास. आमच्या एका जहाजावर बावीस असतात.

मधलं अमेरिका-फिलिपिनो युद्ध तर तुम्ही गाळलंच. ४ फेब्रुवारी १८९९ ला मनिलाबाहेर गोळी सुटली आणि ६ तारखेला सिनेटने तह मंजूर केला, ५७ विरुद्ध २७. दोन तृतीयांशाला ५६ लागत होती. एक मत जास्त! १९०२ पर्यंत सव्वाचार हजारांच्या आसपास अमेरिकन सैनिक, वीस हजारांवर फिलिपिनो लढवय्ये, आणि उपासमार, पटकी धरून दोन लाखांपर्यंत साधी माणसं गेली. १९०३ च्या शिरगणतीत लोकसंख्या पाऊण कोटीच्या वर, म्हणजे माणशी अडीच डॉलर पडले. तुमच्या बँकेच्या भाषेत दर चांगला लागला.


जर्सीवहिनी
रविवार, सकाळी ११:१५ (माझ्याकडे अजून शनिवारची मध्यरात्र)

सगळे फिलिपिन्सवर भांडताय. जो मुलूख त्या तहातून घेतला आणि आजपर्यंत सोडलाच नाही त्याचं काय?

माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर प्वेर्तो रिकोची बाई आहे. मी सिटिझनशिपची शपथ घेऊन आले त्या दिवशी तिने केक आणला. मग हसत म्हणाली, तू तीन महिन्यांत अध्यक्षाला मत देशील. माझी आई जन्मापासून अमेरिकन नागरिक, वय एकोणऐंशी, तिने एकदाही दिलेलं नाही. आई बेटावर राहते ना! तीच आई उद्या लेकीकडे न्यू जर्सीत राहायला आली तर मतदार. परत गेली की पुन्हा नाही. मला त्या केकचा घास गिळेना.

नागरिकत्व १९१७ मध्ये दिलं, पण संसदेत एक निवासी आयुक्त, जो बोलू शकतो आणि अंतिम मतदानात हात वर करू शकत नाही. १९०१ मध्ये सुप्रीम कोर्टाने डाउन्स खटल्यात काय म्हटलं माहितीय? प्वेर्तो रिको अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण घरगुती अर्थाने परदेश आहे. म्हणजे सून घरातली, पण जेवायला शेवटी.

सगळ्यात कडू भाग: १८९७ च्या नोव्हेंबरात स्पेनने त्यांना स्वायत्तता दिली होती, माद्रिदच्या संसदेत मत देणाऱ्या प्रतिनिधींसकट. वर्षभरात तह झाला आणि मिळालेलं गेलं. अर्थसाक्षर भाऊ, हे ‘पुढे स्वातंत्र्यही देऊन टाकलं’मध्ये कुठे बसतं?


अर्थसाक्षर
रविवार, दुपारी १२:३०

वहिनी, २०२० च्या मतदानात प्वेर्तो रिकोच्या ५२ टक्के मतदारांनी अमेरिकेचं राज्य व्हायचा कौल दिला. स्वातंत्र्य मागणारे मूठभर. लुटलेल्या माणसाला लुटारूच्याच घरात कायमचं राहायचं असतं का?

आणि ज्यांच्या नावाने तुम्ही सगळे गळा काढता त्या साम्राज्यविरोधी मंडळींबद्दलही बोला. बोस्टनला लीग निघाली, कार्नेगी होता, मार्क ट्वेन होता, कबूल. पण सिनेटमधल्या दक्षिणेकडच्या विरोधकांचा मोठा आक्षेप हा होता की एवढे काळे-सावळे लोक आपल्यात नकोत. तुमच्या बाजूचे संत जरा तपासून घ्या.


जर्सीवहिनी
रविवार, दुपारी १२:५५

झोपायला चालले होते, पण नाही.

तो कौल कुणावर बंधनकारक नाही. ठरवायचं काँग्रेसने, ज्यात त्यांना मत नाही. नववं कलम, भाऊ! सव्वाशे वर्षं झाली, अजून तेच कलम राबतंय. राज्य व्हायचंय याचा अर्थच ‘आम्हाला पूर्ण माणूस म्हणून मोजा’ असा होतो.

संतांबद्दल मात्र खरं बोललात. रात्री अडीच वाजता मला ते खोडता येणार नाही. आणि वर्णद्वेषाचंच म्हणाल तर आपणही त्याच रांगेत होतो. १९४६ च्या जुलैत एकाच कायद्याने भारतीयांना वर्षाला १०० आणि फिलिपिनोंना १०० माणसांचा कोटा मिळाला, नागरिक व्हायचा हक्कही तेव्हाच. आज इथे मंडळाच्या गणेशोत्सवात तीन हजार पानं उठतात आणि त्यातलेच काही ‘हे प्वेर्तो रिकन लोक’ म्हणून नाक मुरडतात तेव्हा मला हे ओरडून सांगावंसं वाटतं. शुभरात्री.


किल्लेदार
रविवार, दुपारी २:१०

टायटल क्लिअरवाल्यांसाठी घरचं उदाहरण. आपली मुंबई! १६६१ चा लग्नाचा तह, पोर्तुगालची कॅथरीन, इंग्लंडचा दुसरा चार्ल्स, आंदणात मुंबई. इंग्रज ताबा घ्यायला आले तर पोर्तुगीज गव्हर्नर म्हणतो, कुठली मुंबई? किती मुंबई? साष्टी त्यात येते की नाही? इंग्रजांचा अधिकारी शिपमन बिचारा माणसं घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत बसला. त्याची बरीच माणसं तापाने तिथेच मेली, १६६४ मध्ये तोही गेला. ताबा मिळाला १६६५ च्या फेब्रुवारीत, त्याच्या जागी आलेल्या कूकला, तोही साष्टीशिवाय. तीन वर्षांनी राजाने सगळं कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर देऊन टाकलं. कोळी, भंडारी, आगरी यांना दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

पॅरिसच्या तहातही हाच घोळ झाला. तिसऱ्या कलमात अक्षांश-रेखांशांनी रेघा मारून फिलिपिन्स आखलं, आणि सिबुतू आणि कागायान दे सुलू ही बेटं रेघेबाहेरच राहिली. १९०० मध्ये पुन्हा वॉशिंग्टनला तह करून आणखी एक लाख डॉलर भरले. सातबारा न बघता जमीन घेतली की असं होतं.

आणखी एक मुंबईकर या भानगडीत आहे. ‘गोऱ्या माणसाचं ओझं’वाली कविता अमेरिकेने फिलिपिन्स घ्यावं म्हणूनच होती, फेब्रुवारी १८९९, तह मंजूर होत होता तेव्हाच. कवी किपलिंग जन्मला आपल्या जेजेच्या आवारात.


शेंगदाणा_चटणी
रविवार, दुपारी २:१८

किल्लेदार आले. आता धागा वसईपर्यंत जाणार. इनो घेऊन बसतो.


बालभारती
रविवार, दुपारी ३:३०

एक गोष्ट सगळ्यांनी मुकाट्याने गिळली, अर्थसाक्षर यांचा चौथा मुद्दा. ‘शाळा, इंग्रजी.’ मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय. मला हे वाक्य गिळवत नाही.

१९०१ च्या ऑगस्टात थॉमस नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास अमेरिकन मास्तर मनिलाला उतरले. पहिलीपासून इंग्रजी माध्यम. ज्या पोराच्या घरात वाराय, इलोकानो, सेबुआनो बोलतात त्याने पहिल्या दिवशी काय करायचं? १९२५ मध्ये अमेरिकनांच्याच मन्रो समितीने पाहणी केली आणि परकी भाषा हाच मोठा अडथळा असल्याचं लिहिलं. म्हणजे पंचवीस वर्षं पोरं भिंतीकडे बघत बसली. याला तुम्ही देणगी म्हणता?

आमच्या गावात दोन किलोमीटरवर एक ‘इंटरनॅशनल’ निघाली. तिचं नाव घेत नाही. पिवळी बस गावात यायला लागली आणि माझ्या पहिलीच्या वर्गात अठराची चार मुलं झाली. त्या बसमधल्या मुलांना मी संध्याकाळी फुकट शिकवायचे, कारण त्यांना ‘बोथ’ आणि ‘बूट’ यातला फरक कळत नव्हता आणि मराठी जोडाक्षरंही येत नव्हती. धेडगुजरी नाही हो, मुकी मुलं होती ती. आपल्याकडे तर कुणी तहसुद्धा केला नाही. आपणच गेलो.


खिडकीपाशी
रविवार, दुपारी ४:४५

बाई, आदर ठेवून बोलतो. मी दहावीपर्यंत तुमच्यासारख्याच शाळेत होतो. शिक्षक चांगले होते. मग पुण्यात इंजिनियरिंगला आलो आणि पहिल्या तोंडी परीक्षेत मला उत्तर येत असून तोंडातून शब्द फुटला नाही. परीक्षक म्हणाले, बसा. ते ‘बसा’ मला अजून ऐकू येतं.

नंतर एका कंपनीत व्हॉइस प्रोसेसला (फोनवर अमेरिकन ग्राहकांशी बोलायचं काम) लागलो. दीड वर्षात सगळी प्रोसेस उचलून मनिलाला नेली. का? तिथली पोरं अमेरिकन माणसाशी अमेरिकन माणसासारखी बोलतात. आम्ही साठ जण घरी. त्यामुळे थॉमस जहाजाला शिव्या घालताना माझा हात थोडा अडखळतो. ज्यांना मातृभाषेतून शिका म्हणून सांगितलं जातं ते नेहमी आम्ही असतो. सांगणाऱ्यांची मुलं कुठल्या बोर्डात असतात ते एकदा विचारा.


बालभारती
रविवार, सायंकाळी ५:०५

माझी दोन्ही मुलं माझ्याच शाळेत शिकली. पहिल्या बाकावर. आणखी काही विचारायचंय?


खिडकीपाशी
रविवार, सायंकाळी ५:०९

नाही. तुमच्यापुरतं मागे घेतो. बाकी नव्व्याण्णव टक्क्यांबद्दल नाही.


अर्थसाक्षर
रविवार, सायंकाळी ५:४०

खिडकीपाशी यांनी माझं काम केलं. मी हेच म्हणतोय. वाटेल त्या हेतूने आलेली गोष्ट पुढे उपयोगी पडू शकते. फिलिपिनो नर्सा जगभर आहेत, त्याची सुरुवात अमेरिकन अमलातल्या नर्सिंग शाळांत आहे. माझ्या आईच्या शेवटच्या दोन महिन्यांत दुबईला बहिणीकडे असताना तिला आंघोळ घालणारी मुलगी इलोइलोची होती. आम्ही तिघं भावंडं जे करू शकलो नाही ते तिने केलं. मी त्या दिवसापासून त्या देशाबद्दल वाचायला लागलो, गलबत साहेब. तुम्हाला वाटतं तसा एक्सेल शीट उघडून नाही.


गलबत
रविवार, सायंकाळी ६:२५

धागा पॅरिसच्या तहाचा आहे, माध्यमाचा नाही, असं लिहायला आलो होतो.

@अर्थसाक्षर, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण त्या मुलीने स्वतःची आई कुणावर सोडली होती, हे विचारलं होतंत का? आमच्या चीफ कुकची बायको हाँगकाँगला घरकामाला, तो समुद्रावर, मुलं आजीकडे. त्यांच्याकडे ही सर्रास पद्धत आहे. इंग्रजी येतं म्हणून बाहेर जातात, हे खरं. घरी पोट भरत नाही म्हणून जातात, हे जास्त खरं. आणि ते का भरत नाही याची एक दोरी १९४६ पर्यंत जाते. स्वातंत्र्य देतानाच व्यापाराचा करार लादला, अमेरिकनांना तिथल्या खाणी-जंगलांत स्थानिकांच्या बरोबरीचे हक्क. त्यासाठी नव्या देशाला राज्यघटना दुरुस्त करावी लागली. युद्धात बेचिराख झालेल्या देशाची नुकसानभरपाई या अटीला बांधलेली. तुमच्या बँकेत याला काय म्हणतात?

४ जुलैचं कौतुक तुम्ही केलंत. खुद्द फिलिपिन्सने १९६२ मध्ये स्वातंत्र्यदिन ४ जुलैवरून १२ जूनला नेला. म्हणजे ज्या घोषणेला एकाही सत्तेची मान्यता नव्हती, तीच.


बालभारती
रविवार, सायंकाळी ७:००

गलबत, विषय माध्यमाचाच आहे. मुलूख घेतला तो १९४६ ला परत दिला, जीभ दिली नाही. २०१३ च्या कायद्याने त्यांनी पहिल्या काही इयत्तांत मातृभाषा माध्यम आणली, शंभर वर्षांनी का होईना. त्यांना कळलं. आपल्याला कधी?


खिडकीपाशी
रविवार, सायंकाळी ७:३२

अर्धीच बातमी देताय बाई. २०२४ च्या ऑक्टोबरात ती सक्ती त्यांनी काढून टाकली. पुस्तकं नाहीत, शिक्षक नाहीत, एकेका वर्गात चार-चार मातृभाषा. आपल्याकडे २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचा जीआर मागे घ्यायला लावला तेव्हा सगळे रस्त्यावर होते, मीही होतो. दुसऱ्या दिवशी त्याच मोर्चातले माझ्या सोसायटीचे चार पालक इंग्रजी शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत. मोर्चाची टोपी एकाने अजून घातलेली होती.


बालभारती
रविवार, सायंकाळी ७:४०

पुस्तकं नाहीत म्हणून भाषा बंद करायची हा कुठला न्याय? दिवा नाही म्हणून घर पाडता का? तुम्हाला सोय हवी आहे, शिक्षण नकोय.


खिडकीपाशी
रविवार, सायंकाळी ७:४४

मला नोकरी हवी होती. शिक्षण होतं.


शेंगदाणा_चटणी
रविवार, सायंकाळी ७:५०

पॅरिसमध्ये सगळे जेवायला थांबलेत, कुणीतरी तहाकडे बघा.


किल्लेदार
रविवार, रात्री ८:३०

बघतो. अर्थसाक्षर यांचा दुसरा मुद्दा अजून उभा आहे, गलबत. अमेरिका निघून गेली असती तर जर्मनी किंवा जपान आला नसता का? तुम्ही याला बगल दिलीत. मी तुमच्या बाजूचा आहे, पण तटाला भगदाड आहे तिथे आहे म्हणायचं.


गलबत
रविवार, रात्री ९:१५

आला असता, बहुधा. मान्य. तरीही ‘दुसरा चोर येणार होता म्हणून मी आधी घेतलं’ हा बचाव आहे, मालकी नाही. क्यूबासाठी युद्धाआधी जसा ठराव केला तसा फिलिपिन्ससाठी करता आला असता. संरक्षण देतो, तळ द्या, राज्य तुमचं. आगिनाल्दो तर सुरुवातीला तशाच भाषेत बोलत होता. केलं नाही, कारण क्यूबाच्या ठरावाच्या वेळी कुणाच्या डोळ्यांसमोर मनिला नव्हतं आणि मनिला हातात आल्यावर ते सुटेना. अमेरिकेचा अध्यक्ष मॅकिन्लीने पॅरिसला वाटाघाटी चालू असताना ऑक्टोबरअखेर कळवलं की सगळी बेटं घ्या. आधी बोलणं नुसत्या लुझॉन बेटाचंही चाललं होतं.


अर्थसाक्षर
रविवार, रात्री १०:०२

ठीक. ‘वनबीएचके’चं वाक्य मागे घेतो. वाक्य चांगलं होतं, उदाहरण चुकलं. १३ ऑगस्टच्या तारखेचा मुद्दा मला माहीत नव्हता, हे लिहून देतो; स्क्रीनशॉट काढून घ्या, पुन्हा मिळणार नाही. युद्धबंदीनंतरचा ताबा असेल तर टायटलवर शेरा मारावा लागतो.

पण ‘अमेरिका आणि ब्रिटन सारखेच’ हे मला अजूनही पटलेलं नाही. ४८ वर्षांत सोडलं. लाच असो, साखर असो, सोडलं. आपल्याला जास्त लागली.


जर्सीवहिनी
रविवार, रात्री १०:४०

उठले, चहा झाला, सगळं वाचलं. ‘सोडलं’ हा शब्द तुम्ही पुन्हा वापरलात, भाऊ. ग्वाम आणि प्वेर्तो रिको. ग्वामच्या लोकांना नागरिकत्वच १९५० मध्ये मिळालं, आणि अध्यक्षपदाचं मत त्यांनाही नाही. उद्या ऑफिसात तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवू का, भाषांतर करून?


अर्थसाक्षर
रविवार, रात्री १०:४४

फक्त शेवटचा परिच्छेद गाळून.


बालभारती
रविवार, रात्री ११:१०

@गलबत, एक राहिलं. त्या बोसनची मुलं कुठल्या भाषेत शिकली?


गलबत
रविवार, रात्री ११:३५

आताच व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. तो सिंगापूरच्या नांगरवाड्यावर आहे, वॉचवरून उतरला होता. मोठी इंग्रजी आणि तागालोगमध्ये, धाकटा पहिली तीन वर्षं वारायमध्ये. धाकट्याचं गणित चांगलं आहे म्हणतो, मोठीला नोकरी लागली म्हणतो. त्याने उलट विचारलं की सेकंड (जहाजावर मला हीच हाक), तुझा मुलगा?

माझा मुलगा आयसीएसई. मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.